पडद्यावर माणसे काम करताना दिसतात तेव्हा : नुकत्याच पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी

करवीरचा प्रेक्षक (धागाकर्ता)

गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरात जे चित्रपट पाहिले, त्यांपैकी काहींविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी समीक्षक नाही आणि चित्रपटाच्या तंत्राचे शिक्षणही मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन किंवा कधी एकट्यानेच जाऊन चित्रपट पाहणारा मी साधा प्रेक्षक आहे. पाहिलेल्यांपैकी कोणते चित्रपट मनात टिकले आणि कोणते आठवड्याभरात विसरले गेले, याचा विचार करताना एक गोष्ट मला सारखी जाणवत राहिली. ज्या चित्रपटातली माणसे पोटासाठी जे काही करतात ते करताना प्रत्यक्ष दिसतात, तो चित्रपट माझ्यापाशी राहतो. आपल्या पुष्कळ चित्रपटांत नायक अभियंता असल्याचे कळते, नायिका कुठेतरी नोकरी करते असे कळते, वडील शेतकरी आहेत हेही कळते. पण कचेरी फोनवर बोलण्यापुरती आणि शेत गाण्यापुरते असते. दिवसाचे आठ-दहा तास माणूस ज्यात घालवतो तेच वगळले, तर त्याच्या सुखदुःखावर मी विश्वास तरी कसा ठेवावा, असा मला प्रश्न पडतो.

सर्वांत आधी ‘स्थळ’विषयी लिहितो, कारण २०२५ साली पाहिलेल्या चित्रपटांत तो मला सर्वाधिक आवडला. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात गौरवला गेला होता, पण आपल्याकडे तो मार्च २०२५ मध्ये लागला. विदर्भातल्या डोंगरगावची सविता शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे आणि घरात तिच्या लग्नासाठी एकामागून एक स्थळे येत आहेत, एवढेच कथानक. चित्रपटाची सुरुवात एका स्वप्नाने होते. त्यात बायका बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारले जात आहेत. त्यानंतर प्रत्यक्षात तोच प्रसंग उलट बाजूने येतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. नाव, शिक्षण, उंची, आवड हे प्रश्न तेच, पोह्यांच्या बश्या त्याच आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीच्या मध्यभागी बसलेली मुलगीही तीच. दुसऱ्या कोणी हा प्रसंग एकदाच दाखवून पुढची कथा सुरू केली असती. इथे दिग्दर्शक तो प्रत्येक वेळी जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवतो आणि त्यामुळेच दाखवून घेणे हे त्या मुलीवर लादलेले एक काम आहे, ज्याला मजुरी नाही आणि ज्यातून सुटकाही नाही, हे मला त्या खुर्चीत बसून उमगले. वडील कापूस पिकवतात, कापसाचा भाव पडलेला आहे आणि हुंड्याची रक्कम त्याच कापसातून यायची आहे. शेती आणि लग्न यांतला हा हिशेब कुठेही भाषण न करता पडद्यावर मांडला गेला आहे. बहुतेक कलाकार त्याच भागातले आणि नवखे असल्यामुळे त्यांचे उठणे-बसणे, दारातून आत येणे, पाण्याचा तांब्या पुढे करणे यांत अभिनयाचा वास येत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना सुरुवातीला हसू येत होते, मध्यंतरानंतर ते गप्प झाले.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा दुसरा चित्रपट. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याच्याविषयी इतके छापून आले होते की आपल्याला हा झेपेल का, अशी शंका मनात घेऊनच मी गेलो. मुंबईच्या एका रुग्णालयातल्या दोन मल्याळी परिचारिका आणि तिथेच स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती अशा तिघींची ही गोष्ट. पार्वतीच्या नवऱ्याने आयुष्य काढलेल्या घराचे कागद तिच्याकडे नाहीत आणि बिल्डर तिला तिथून हुसकावून लावतो आहे. छाया कदम यांनी ही बाई उभी केली आहे आणि त्यांना पाहताना माझ्या मनात ‘लापता लेडीज’मधली त्यांचीच मंजू माई आली. एका चित्रपटात फलाटावर चहा विकणारी आणि दुसऱ्यात रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात राबणारी, अशा दोन बायका एकाच वर्षात एकाच अभिनेत्रीने साकारल्या आणि दोघींच्याही हातांना कामाची सवय असल्याचे दिसले. ‘लापता लेडीज’मध्ये हरवलेली फूल नावाची नववधू त्या टपरीवर कलाकंद करते आणि त्याचे पैसे तिच्या हातात पडतात, तो क्षण मला सगळ्या संवादांपेक्षा मोठा वाटला.

‘दशावतार’विषयी माझे मत पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत विभागलेले आहे. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये लागला, तेव्हा दिलीप प्रभावळकर यांचे वय ८१ होते. दृष्टी मंदावत चाललेला बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलाकार, त्याने आता थांबावे असे वाटणारा त्याचा मुलगा आणि जत्रांच्या हंगामात रात्र-रात्र चालणारे प्रयोग, हे सगळे पूर्वार्धात फार आत्मीयतेने आले आहे. दशावताराचे नाटक लिहून पाठ केलेले नसते, कथा ठाऊक असते आणि संवाद रंगमंचावर उभे राहून रचायचे असतात. त्यासाठी अंगात किती तयारी हवी, हे प्रभावळकरांच्या बसण्यातून आणि चेहरा रंगवण्यातून कळते. तिथे कला हे रोजचे काम आहे आणि म्हातारपणी ते काम हातून सुटणार याचे दुःख खरे आहे. उत्तरार्धात खाणीचा विषय येतो, तो कोकणाच्या जिव्हाळ्याचा आहे हे मी मानतो; पण तिथून पुढे तीच कला सूडाचे साधन बनते आणि माणूस मागे पडून करामत पुढे येते. प्रेक्षकांना तोच भाग अधिक आवडल्याचे मी पाहिले आहे. माझे मत मात्र असे आहे की पूर्वार्धाच्या वाटेने गेला असता, तर हा चित्रपट कितीतरी उंच गेला असता.

‘आता थांबायचं नाय’ १ मे २०२५ रोजी, म्हणजे कामगार दिनीच लागला. मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा दिली, या सत्य घटनेवर तो आधारलेला आहे. दिवसभर राबून आलेला माणूस बाकावर बसतो तेव्हा त्याच्या पापण्या कशा जड होतात, हे भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांनी नेमके दाखवले आहे. पार्श्वसंगीत मात्र प्रत्येक भावुक ठिकाणी इतके पुढे येते की रडायचे कधी हे आपल्याला सांगितले जात आहे असे वाटते आणि एवढ्या चांगल्या अभिनयाला त्या आधाराची काहीच गरज नव्हती. ‘नाच गं घुमा’मध्ये घरकामाच्या बाईवर संपूर्ण घर कसे उभे असते, हे नम्रता संभेराव यांच्यामुळे मजेत कळते, शेवट फार गोड झाला, एवढीच तक्रार.

हे सगळे कोल्हापूरच्या माणसाने म्हणण्याला कारण आहे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याची ती कथा होती आणि त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांचा तो काळ असताना हे धाडस इथे झाले. पुढे भालजी पेंढारकरांनी १९६५ साली ‘साधी माणसं’मध्ये लोहाराचा संसार पडद्यावर आणला आणि भाता, ऐरण, घण ही त्या घरातली माणसेच वाटावीत इतके त्यांना जवळ आणले. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाताना मला नेहमी वाटते की आपल्या गावाने मराठी चित्रपटाला जे दिले, त्यातला हा कष्टाचा धागा सर्वांत मोलाचा आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आपण अलीकडे काय पाहिलेत आणि आपल्याला काय वाटले, ते अवश्य लिहावे.

उद्यमनगर

दादा, धागा वाचून समाधान वाटले. आमचे घराणे ओतकामातले आहे आणि मी स्वतः शिरोलीच्या एका फौंड्रीत साच्यांच्या विभागात बरीच वर्षे काम करतो, त्यामुळे आपला मुद्दा माझ्या अंगाला लागून गेला. चित्रपटात कारखाना दाखवायचा म्हटले की धूर, भोंगा आणि संपाच्या घोषणा एवढेच येते. सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळलेले लोखंड लाडलमधून, म्हणजे ओतण्याच्या भांड्यातून साच्यात ओतताना माणूस कसा उभा राहतो, वाळूत ओलावा जास्त राहिला तर काय होऊ शकते, एक कास्टिंग वाया गेले की पाळीतले सगळे जण कसे गप्प होतात, हे मी आजवर कोणत्याही मराठी चित्रपटात पाहिलेले नाही. उद्यमनगरपासून गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत हजारो घरे या कामावर चालतात; तरी आमच्या गावचा माणूस पडद्यावर आला की तो पैलवान असतो, नाहीतर मिशीला पीळ देणारा पाटील.

‘साधी माणसं’विषयी आपण लिहिलेत म्हणून सांगतो. जगदीश खेबूडकरांचे शब्द आणि आनंदघन या नावाने लतादीदींनी दिलेली चाल असलेले ते ऐरणीचे गाणे आमच्या घरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना आजही लावले जाते. त्यात भाता ओढण्याची लय आणि गाण्याची लय एक आहे. जयश्रीबाई गडकर भात्यावर बसलेल्या दिसतात, तेव्हा हे काम या बाईने रोज केलेले असावे असेच वाटते. हल्लीच्या चित्रपटात कामगार झालेल्या नटाचे हात पाहावेत, नखे स्वच्छ आणि तळवा मऊ असतो. ‘आता थांबायचं नाय’मध्ये तसे झालेले नाही. तिथल्या गणवेशालाही मळ आहे आणि तो मळ रंगभूषाकाराने फासलेला वाटत नाही. पार्श्वसंगीताविषयी माझे आपल्याशी जमणार नाही. आमच्या पाळीतले जे सोबती माझ्याबरोबर आले होते, त्यांतले दोघे शाळा अर्धवट सोडलेले आहेत आणि त्यांना त्या संगीतासकट चित्रपट मनापासून आवडला. त्यांच्यासाठी ते जास्त नव्हते.

राजारामपुरीची वाचक

धागा विचारपूर्वक लिहिला आहे, तरीही मला थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. सकाळी पाचला उठून घरच्यांचे डबे, सासूबाईंची औषधे, त्यानंतर शाळेतली नोकरी आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक हे सगळे आटोपून मी जेव्हा चित्रपटाला जाते, तेव्हा पडद्यावर पुन्हा भांडी घासणारी बाईच का पाहावी? कष्टांतून थोडा वेळ बाहेर येण्यासाठी माणूस तिकीट काढतो, ही गोष्ट कमी लेखू नये. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी लागला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कित्येक जणी वर्षानुवर्षांनी चित्रगृहाची पायरी चढल्या. नऊवारी नेसून, नथ घालून, मैत्रिणींचा घोळका करून त्या गेल्या आणि परत येताना रस्त्यात हसत होत्या. मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला, यामागे या बायकांचा आनंद आहे. त्या चित्रपटात कथा विस्कळीत आहे, सहा बहिणींपैकी काहींना पुरेसा वेळ मिळालेला नाही, हे मलाही दिसले. तरी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या वयात गुडघे दुखत असताना फुगड्या आणि झिम्म्याचा सराव करणे, याला आपण कष्ट म्हणणार की नाही?

आणखी एक सांगते. आपण ‘स्थळ’विषयी जे लिहिले आहे ते मला पटले, पण तो चित्रपट मी अर्ध्यातून उठून आले. वाईट होता म्हणून मी उठले नाही. त्या खोलीत मी स्वतः अनेकदा बसलेली आहे आणि ते पुन्हा पाहणे मला सहन झाले नाही. असेही प्रेक्षक असतात, हे लक्षात असावे.

करवीरचा प्रेक्षक (धागाकर्ता)

ताई, मंगळागौरीच्या सरावाविषयी आपण जे म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याशी ते जुळतेही. तो सराव, त्यातली दमछाक आणि एकमेकींवर निघणारा राग हाच त्या चित्रपटाचा सर्वांत जिवंत भाग आहे. स्पर्धेच्या निकालापेक्षा तालमीतले प्रसंग लोकांना आठवतात, यातच सारे आले. करमणुकीला माझा विरोध नाही. करमणुकीच्या चित्रपटातही माणूस काय करून जगतो हे दिसू शकते आणि ‘लापता लेडीज’ त्याचे चांगले उदाहरण आहे. सगळा चित्रपट हसवतो आणि तरी चहाची टपरी खरी आहे.

‘स्थळ’मधून आपण उठून आलात हे वाचून मी थांबलो. त्या चित्रपटावर मी वाचलेल्या सगळ्या मजकुरांपेक्षा आपले हे एक वाक्य मला अधिक काही सांगून गेले. पुरुष प्रेक्षकाला तो चित्रपट जाणीव देतो आणि बाईला तो आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा भोगायला लावतो, हा फरक मी लिहिताना पुरेसा मांडलेला नव्हता आणि तो मांडणे आवश्यक आहे.

उद्यमनगरचे दादा, ओतकामावर आपण जे चार ओळींत लिहिलेत, त्यावर चित्रपट व्हायला हवा. मोरेवाडीची चित्रनगरी आणि शिरोलीची फौंड्री यांत काही फार अंतर नाही.

आजरेकर

मी मूळचा आजऱ्याचा आणि ‘छावा’ कादंबरीचे लेखक शिवाजी सावंत आमच्या गावचे, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ लागला तेव्हा आम्ही घरचे सगळे कोल्हापूरला येऊन पाहून गेलो. चित्रगृह शेवटी स्तब्ध होते, माझे वडील डोळे पुसत होते आणि पुढच्या रांगेत काही तरुण उभे राहून घोषणा देत होते. विकी कौशल यांनी जीव ओतून काम केले आहे, यात शंका नाही.

धाग्याच्या विषयाला धरून बोलायचे तर मला त्या चित्रपटात जे कमी वाटले, ते नेमके काम. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१ चा आणि अंत मार्च १६८९ चा. या साऱ्या काळात मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा अनेक आघाड्या एका वेळी सांभाळायच्या, गडांची रसद पाहायची, निवाडे करायचे, पत्रे लिहायची आणि अष्टप्रधानांतले मतभेद मिटवायचे, हे राजाचे रोजचे काम होते. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा हा राजा लिहिताना, वाचताना किंवा कारभार करताना पडद्यावर फार थोडा दिसतो आणि तलवार चालवताना पुष्कळ दिसतो. शेवटचा छळाचा भाग सहन होण्यापलीकडचा आहे आणि तो दाखवायलाच हवा होता, पण त्याआधीची वर्षे भरून आली असती, तर आपण कोणाला गमावले हे अधिक खोल उतरले असते. गेल्या काही वर्षांत ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ असे एकामागून एक ऐतिहासिक चित्रपट मराठीत आले. ते मी सगळे पाहिले आणि मुलांनाही दाखवले. मुले लढाया पाहून येतात. गड चालायला किती माणसे लागत होती, लोहार, सुतार, भोई आणि कोठीवरची माणसे काय करत होती, हे मात्र त्यांना अजून कोणी दाखवलेले नाही.

सीपीआर चौक

मी परिचारिका आहे आणि कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात रात्रपाळी करते, त्यामुळे ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’विषयी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. चित्रपटातली परिचारिका म्हणजे पांढऱ्या कपड्यांत येऊन डॉक्टरांच्या हातात काहीतरी देणारी आणि निघून जाणारी बाई, हे पाहत मी मोठी झाले. या चित्रपटातल्या दोघींपैकी प्रभा ही परिचारिका रुग्णाशी बोलते, नव्या मुलींना शिकवते, गेलेला नवरा दिसतो असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाईला समजावते आणि पाळी संपल्यावर गर्दीच्या गाडीत उभी राहून घरी जाते. त्या उभे राहण्यात पाय दुखतात हे कळते. प्रभा घरीही रुग्णालयासारखीच वागते, म्हणजे स्वतःचे दुःख बाजूला ठेवून समोरच्याचे पाहते, हे दिग्दर्शिकेने फार बारकाईने टिपले आहे. ती सवय या पेशात लागते आणि नंतर सुटत नाही. आमच्या वसतिगृहात केरळच्या मुली होत्या. त्यांनी मराठी शिकताना केलेली धडपड आणि सणाच्या दिवशी खोलीत बसून केलेले फोन मला आठवले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. दुसरा भाग रत्नागिरीकडच्या गावी जातो, तेव्हा समुद्र, गुहा, प्रकाश असे सगळे स्वप्नासारखे होते. पार्वतीबाई गावी परत गेल्या, तिथे आता त्या काय करून जगणार, हा माझ्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न होता आणि त्याला फारच थोडी जागा मिळाली. गावाकडे परतणे शहरातल्या लोकांना जितके सुंदर दिसते तितके ते नसते.

करवीरचा प्रेक्षक (धागाकर्ता)

आजरेकर, राज्यकारभार हे काम आहे आणि ते पडद्यावर यायला हवे, हा मुद्दा मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऐतिहासिक चित्रपटांची परंपरा कोल्हापुरातच रुजली आणि भालजींनी ती आयुष्यभर चालवली, म्हणून त्याविषयी इथे बोलायलाच हवे.

परिचारिका ताई, उत्तरार्धाविषयी माझे मत आपल्याहून थोडे वेगळे आहे. तिघी मुंबईतल्या घड्याळातून पहिल्यांदाच बाहेर पडतात, त्यामुळे तिथला वेळ सैल झालेला मला स्वाभाविक वाटला. पार्वतीच्या पुढच्या जगण्याचा प्रश्न मात्र आपण विचारल्यावर माझ्याही डोक्यातून जात नाही.

आपण सगळ्यांनी वेळ काढून ‘पाणी’ पाहावा, असे सुचवतो. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही केल्या आहेत. पर्यावरणविषयक चित्रपटासाठीचा २०१८ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि चित्रगृहात तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. गावात पाणी नाही म्हणून लग्न अडते, इथून कथा सुरू होते आणि पुढे चर खणणे, बांध घालणे, रुसलेल्यांना समजावणे, पुन्हा खणणे असे ते काम चालते. काही ठिकाणी चित्रपट सपाट होतो, विरोधकांचे चित्रण ठोकळेबाज आहे. तरी फावडे जमिनीवर पडल्याचा आवाज इतक्या वेळा आणि इतक्या निष्ठेने ऐकवणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही. आमच्याकडे तो एका आठवड्यात उतरला.

शाहूपुरीचा वाचक

आठवड्यात उतरण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. मी ज्या चित्रगृहात पाहिला तिथे त्याचा एकच खेळ होता आणि तोही कामाच्या दिवशी अडचणीच्या वेळी. नोकरदार माणसाने असा चित्रपट पाहावा तरी केव्हा? याच कारणाने शाहू स्मारकात बाबूराव पेंटर यांच्या नावाच्या फिल्म सोसायटीने वर्षानुवर्षे दाखवलेल्या चित्रपटांचे महत्त्व मला वाटते, कारण एरवी जे आपल्यापर्यंत आलेच नसते ते तिथे पाहायला मिळाले.

रोहन कानवडे यांचा हा चित्रपट वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दहा दिवसांचा आहे. मुंबईहून आनंद आईबरोबर गावी येतो, नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधले प्रेम एवढ्या शांतपणे आणि एवढ्या आपल्या मातीत दाखवलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वारा, पाखरे, शेळ्या आणि माणसांचे बोलणे. आई सगळे जाणून आहे आणि ती मुलाच्या पाठीशी उभी राहते, हे जयश्री जगताप यांनी एकही शब्द वाया न घालवता दाखवले आहे. माझ्यामागे बसलेले काही जण सुरुवातीला कुजबुजत होते. मला राग आला होता, पण हळूहळू ते स्वतःच थांबले. आपण सर्वांनी हा चित्रपट पाहिला आहे का, आणि धागाकर्त्यांच्या कसोटीवर तो उतरतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.

उद्यमनगर

मी पाहिला. खरे सांगायचे तर विषय कळल्यावर जावे की नाही असा विचार मनात आला होता. गेलो ते बरे केले. मला तो संथ वाटला, कॅमेरा एकाच जागी फार वेळ थांबतो. बाळ्याचे शेतातले वावरणे मात्र अस्सल आहे, तो जनावरांजवळ ज्या सहजतेने उभा राहतो ती शिकवून येत नाही.

करवीरचा प्रेक्षक (धागाकर्ता)

शाहूपुरीचे दादा, मी पाहिला आहे आणि माझ्या मते तो या कसोटीवर पूर्ण उतरतो. सुतकाचे दहा दिवस म्हणजे एरवीचे काम बंद ठेवायचे दिवस असतात. आनंद शहरातली नोकरी मागे ठेवून आलेला, त्याला करण्यासारखे काही नाही, विधींचे नियम पाळणे एवढेच त्याच्या हाती. बाळ्याला मात्र शेती आणि शेळ्या थांबू देत नाहीत. एकाचे रिकामपण आणि दुसऱ्याचे काम यांच्या मधल्या वेळात त्यांची ओळख पुन्हा होते. कुठे भेटायचे, किती वेळ बसायचे, हे बाळ्याच्या कामावर ठरते आणि म्हणून त्या भेटी खऱ्या वाटतात. कॅमेरा एका जागी थांबतो, ही उद्यमनगरच्या दादांची तक्रार मला समजते. पण शेतात माणूस जितका वेळ घेतो तितका वेळ कॅमेऱ्यानेही घ्यावा, असे मला तो पाहताना वाटले आणि शेवटपर्यंत कंटाळा आला नाही.

‘साबर बोंडं’ आणि ‘स्थळ’ हे दोन्ही मी पुन्हा पाहणार आहे. ‘दशावतार’ पुन्हा पाहिला, तर मध्यंतरापर्यंतच पाहीन.